अस्वल : नाही

अस्वल दिसतं आणि निघून जातं. त्याचे किस्से मात्र घरी राहायला येतात आणि हलायचं नाव घेत नाहीत. आमच्याकडे तर गंमत अशी, की अस्वल दिसल्याचे किस्से कमी आणि न दिसल्याचे ढीगभर!

आमचं टोळकं पाच जणांचं. अण्णा आणि अक्का हे नवराबायको मूळचे बेळगावकडचे, पण बेंगळुरूत चाळीस वर्षं झाली. अण्णा सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेत. निखिल पुण्याचा, मारतहळ्ळीत राहतो आणि सगळं मोबाइलला विचारून करतो. शुभांगी लातूरची, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. आणि मी इंदिरानगरच्या एका ऑफिसात एचआर. रोज माणसं सांभाळते, त्यामुळे जनावरांची भीती उरलेली नाही.

वर्षातून दोनदा आम्ही घाटातल्या एका नॅशनल पार्कात जातो, ते फक्त अण्णांसाठी. लहानपणी त्यांच्या गल्लीत दरवेशी अस्वल घेऊन यायचा. बाकीची पोरं टाळ्या वाजवायची आणि अण्णा त्याच्या नाकातली वेसण बघून रडत घरी पळायचे. तेव्हापासून एकच हट्ट: "वेसण नसलेलं एक बघायचंय. एकदाच. बास!"

त्यासाठी अण्णांची एक वही आहे. प्रत्येक ट्रिपला हवा, पक्षी, हरणं, गवे सगळं लिहायचं आणि शेवटी एक ओळ, 'अस्वल'. तिच्यापुढे दर वेळी एकच शब्द, 'नाही'.

*

शुभांगीची पहिली ट्रिप. आमच्याबरोबर नेहमी मंजण्णा असतो, तिथला फॉरेस्ट गार्ड. तो एका वळणावर थबकला, ओढ्याकडे कान लावला आणि हळूच म्हणाला, "करडी इदे."

आता कन्नडात करडी म्हणजे अस्वल. आम्ही सगळे जागीच थांबलो. पण लातूरकडे करडी म्हणजे करडई! शुभांगीचा चेहरा असा खुलला की विचारू नका.

"अगं बाई! इथं पण लावतात? कोवळी असली तर घेऊ की थोडी!" आणि एवढ्यावर न थांबता तिनं मंजण्णाला आपलं नवंकोरं कन्नड ऐकवलं, "करडी पल्या माडतीनि!" म्हणजे, मी करडीची भाजी करते!

मंजण्णा दोन पावलं मागे सरकला. मग अण्णांच्या कानात काहीतरी बोलला.

"काय म्हणाला हो?" शुभांगीनं विचारलं.

"म्हणतोय, करा की," अण्णा म्हणाले, "पण निवडायला लई वेळ लागेल. केस फार असतात."

एवढ्या हसण्यात ओढ्याकाठचं जे काही होतं ते कधीच पसार झालं. वहीत आलं, 'अस्वल : नाही. भाजी : नाही.' तेव्हापासून प्रत्येक ट्रिपला शुभांगी नुसतं तोंड उघडते आणि अण्णा म्हणतात, "भाजीचं नंतर!"

*

निखिलनं कुठंतरी वाचलं, की परदेशात अस्वलाच्या जंगलात फिरताना लोक घंटा बांधतात. आवाज ऐकून अस्वल आधीच बाजूला होतं. तशी घंटा ऑनलाइन मिळेना, म्हणून पठ्ठ्यानं के. आर. मार्केटातून बैलाची घुंगुरमाळ आणली आणि बॅगेला बांधली. पार्कच्या गेटकडं जाणारा रस्ता गावातनं जातो. हा पुढे छुमछुम करत, आम्ही मागे.

अण्णा वैतागले. "अरे, मी त्याला बघायला आलोय की हाकलायला?"

"अण्णा, सेफ्टी फर्स्ट!"

अस्वल घाबरलं की नाही देव जाणे. पण गावातल्या गाईंना वाटलं, आपलाच कुणीतरी निघालाय. त्या लागल्या मागे! मंजण्णानं हाकलल्या, गुराख्यानं हाका मारल्या, पण त्यांचा निखिलवर जीव जडला होता. शेवटी त्यानं माळ काढून गुराख्याला दिली तेव्हा कुठे सुटका झाली.

वहीत नोंद: 'अस्वल : नाही. गाई : सात.'

*

आता माझी फजिती. लपवून काय करू, निखिलनं ती सगळ्यांना सांगितलीच आहे.

होमस्टेच्या अंगणात सकाळी धुकं होतं. मी ब्रश करत उभी, आणि फणसाखाली काहीतरी काळं, केसाळ, हे एवढं मोठं! घोरल्यासारखा आवाज येत होता. माझ्या तोंडात पेस्टचा फेस, ओरडताही येईना. तेवढ्यात ते उठलं आणि चक्क दोन पायांवर चालत माझ्याकडे यायला लागलं.

मी डोळे मिटले. मागून अण्णांचा आवाज आला, "या, बसा!"

अण्णांची ही जन्माची खोड. दारात कुरिअरवाला येवो, मीटर बघणारा येवो, नाहीतर चुकून दुसऱ्याच्या घरचा पाहुणा येवो, तोंडातून "या, बसा" निघणारच. अक्का म्हणते, "ह्यांच्याकडे चोर आला तर आधी चहा टाकायला सांगतील."

ते काळं खरंच पायरीवर बसलं. शेजारचे तिम्मप्पा होते, डोक्यावरून कांबळं घेतलेले! दोन कप चहा घेऊन गेले. आणि वही? 'अस्वल : नाही. तिम्मप्पा.'

*

सगळ्यात वाईट झालं ते गेल्या दिवाळीनंतर. आम्ही जीपमध्ये होतो; मंजण्णा आणि ड्रायव्हर चौकीत नोंद करायला उतरले होते. अण्णांनी चष्मा पुसायला काढला. पुसत होते, नीट, चारी बाजूंनी, इंजिनिअरसारखे. तेवढ्यात अक्का एकदम म्हणाली, "किती छान चालतंय ना हो!"

"काय?" चष्मा लावत अण्णा म्हणाले.

"अस्वल. गेलं की आता तिकडे."

चांगलं रस्ता ओलांडून गेलं होतं! मागच्या सीटवर आम्ही तिघं डुलक्या काढत होतो, त्यामुळे बघितलं ते एकट्या अक्कानं.

"अगं, सांगायचं नाही का?"

"मला काय ठाऊक तुम्ही बघत नाही ते? तुम्ही तर त्यासाठीच आलाय!"

अण्णा बेंगळुरूपर्यंत बोलले नाहीत. अक्कानं वाटेत त्यांच्या आवडीचे मद्दूर वडे घेऊन दिले, ते खाल्ले, पण बोलले नाहीत. मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. वहीत त्या दिवशी एवढंच होतं: 'अस्वल : हिला.'

*

यंदाची ट्रिप शेवटची. अण्णा-अक्का जूनमध्ये मुलाकडे कॅनडाला चाललेत, कायमचे. निखिल त्यांची समजूत काढायला गेला, "अण्णा, तिकडं तर अस्वलं घराच्या मागच्या अंगणात येतात, कचऱ्याच्या डब्यात तोंड घालतात!"

"त्याला काय करू? मला आपल्याकडचं बघायचं होतं," अण्णा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

दोन दिवस फिरलो. शुभांगीनं डबासुद्धा बिनवासाचा आणला होता, निखिलनं फोन बंद ठेवला होता. म्हणजे बघा! तरी काही नाही. शेवटच्या सकाळी मंजण्णानं आम्हाला एका मोठ्या वारुळाशी नेलं. वारूळ ताजं उकरलेलं होतं. अण्णा त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि त्यांनी दर ट्रिपचं भाषण सुरू केलं.

"नीट ऐका. अस्वल दिसलं तर एक, पळायचं नाही. दोन, ओरडायचं नाही. तीन, बोट दाखवायचं नाही. चार, सगळ्यांनी तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरकायचं."

तेवढ्यात मंजण्णा हळूहळू मागे सरकायला लागला. मग अक्का. मग निखिल. मी बघितलं आणि मीही सरकले. वारुळाच्या पलीकडून ते बाहेर आलं होतं. काळंभोर, छातीवर पांढरा पट्टा, नाकाला माती लागलेली.

"कुठं निघालात? माझं संपलं नाही अजून!" अण्णा भडकले.

ओरडायचं नाही, बोट दाखवायचं नाही. सांगायचं कसं? शुभांगी सगळा धीर गोळा करून कुजबुजली, "अण्णा... करडी..."

"भाजीचं नंतर!"

"अहो," अक्का म्हणाली. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "चष्मा आहे ना डोळ्यावर? मग सावकाश मागे बघा."

अण्णा वळले. दोघांमध्ये असेल वीसेक पावलांचं अंतर. अस्वलानं मान वर करून वास घेतला. अण्णा पळाले नाहीत, ओरडले नाहीत, मागेही सरकले नाहीत. त्यांचे दोन्ही हात आपोआप जोडले गेले आणि अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "या."

अस्वलानं थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग वळलं आणि झुडपात शिरलं.

परतीच्या वाटेवर अण्णांनी वही उघडली. चष्मा दोनदा पुसला, डोळेही पुसले आणि बराच वेळ लावून एक ओळ लिहिली. मग वही अक्काकडे दिली. तिनं ती आम्हाला वाचून दाखवली.

'अस्वल : येऊन गेले. बसले नाहीत.'