फुलपाखरांची आवक

आमच्या वन्सं वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकाऊ झाल्या. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. आलेल्या कागदावर आवकचा शिक्का, गेलेल्यावर जावकचा. पुढे सगळं संगणकावर गेलं आणि त्याबरोबर टेबलही गेलं. घरी बसून त्यांनी चार महिन्यांत माझी कपाटं तीनदा आवरली. चौथ्यांदा काढली तेव्हा मीच म्हटलं, "वन्सं, बाहेर काहीतरी शोधा. मला माझा चष्मा सापडत नाही."

निसर्ग संग्रहालयाची जाहिरात त्यांना अशी सापडली. हवामान कसं बदलतंय ते साध्या माणसाला कळेल असं त्यांच्या वेबसाइटवर लिहायचं. सहा महिने शिकायचं, मग चौघांतल्या एकाला कायम ठेवणार. वयाची अट घालायला ते विसरले होते.

"जा छोटे," आमचे हे बहिणीला म्हणाले. "जुन्या वस्तू ते नीट सांभाळतात असं ऐकलंय."

"तुलाही नेऊन ठेवते दादा, पण तुझ्या मापाचं कपाट नाही त्यांच्याकडे."

बाकीचे तिघे शिकाऊ विशीतले, आणि वरच्या मॅडम एकोणतीसच्या. पहिल्याच दिवशी वन्संच्या तोंडून त्यांना "अगं" गेलं आणि त्या दिवसभर जीभ चावत राहिल्या. पण मॅडमना राग आला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्या वन्संना ताई म्हणू लागल्या.

पान लिहून झालं की वन्सं ते आधी मला वाचून दाखवत. मी मराठी शाळेत दहावी झालेली. "वहिनींना कळलं की जगाला कळलं," हा त्यांचा नियम. हरितगृह वायूंपाशी मी अडले, तेव्हा त्यांनी डोकं खाजवून लिहिलं, की पृथ्वीचं पांघरूण दरवर्षी थोडं जाड होतंय आणि ते लाथाडायला तिला पाय नाहीत. मॅडमनी ते वाक्य तसंच ठेवलं.

शेवटचं पान फुलपाखरांचं होतं. संग्रहालयाच्या तळघरात खणांची कपाटं आहेत. खण ओढला की डांबराच्या गोळ्यांचा वास येतो आणि आत ओळीने टाचणीने टोचलेली फुलपाखरं. प्रत्येकाखाली नखाएवढी चिठ्ठी, तिच्यावर तारीख. साठ वर्षांपूर्वी एका शाळामास्तरांनी एका निळ्या जातीची फुलपाखरं दरवर्षी जमवली होती. वन्संनी त्यांच्या तारखा आणि आजच्या तारखा शेजारी मांडल्या. हे फुलपाखरू आता सव्वीस दिवस आधी येतं, असं निघालं. सव्वीस हा आकडा सगळ्यांना फार आवडला. मॅडमनी तो संचालकांना दाखवला. शुक्रवारी पान वेबसाइटवर चढणार होतं आणि त्याच दिवशी कायम कोण होणार ते कळणार होतं. बाकीची तीन पोरं तर वन्संकडे आधीच पेढे मागत होती.

रविवारी सकाळी चहा घेताना वन्सं मला ते पान वाचून दाखवत होत्या. हे पेपर वाचत होते, पण कान इकडेच. मास्तरांच्या तारखा आल्या, सगळ्या ऑगस्टमधल्या. तीस, एकतीस, तीस, एकतीस.

"तुझ्या मास्तरांची फुलपाखरं दरवर्षी महिनाअखेरीलाच उगवायची?" हे म्हणाले. "पगार घ्यायला येत होती वाटतं."

मी हसले. वन्सं हसल्या नाहीत. कप खाली ठेवून त्यांनी ती यादी पुन्हा वाचली.

"दादा, ही आवकची तारीख आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "मास्तर महिनाभर पकडत असणार आणि महिनाअखेरीला डबा आणून देत असणार. जमा झाला त्या दिवसाची चिठ्ठी लागली. फुलपाखरू कधी सापडलं ते यात नाहीच." मग कपाळाला हात लावला. "बावीस वर्षं तोच शिक्का मारला मी. आणि मलाच कळू नये?"

"बाकी कोणाच्या लक्षात आलंय का?" ह्यांनी विचारलं.

"नाही."

वन्संनी यादीची घडी करून पर्समध्ये ठेवली. सोमवारी त्या निघाल्यावर मी देवापुढे हात जोडले. पण त्यांची नोकरी मागावी की धीर मागावा ते ठरेना, म्हणून नुसतीच उभी राहिले.

तिथे काय झालं ते त्यांनी संध्याकाळी चपला काढता काढताच सांगितलं. वन्संनी चूक दाखवली तशी मॅडमनी त्या तारखा बोट ठेवून पुन्हा वाचल्या. मग म्हणाल्या, "ताई, सव्वीस खोडायचे म्हणजे पानात राहिलं काय?"

"खोडायचे नाहीत," वन्सं म्हणाल्या. "आमच्याकडे चुकीचा शिक्का पडला तर त्यावर एक आडवी रेघ मारायचो, शेजारी बरोबरचा मारून खाली सही करायचो. आधीचा वाचता आला पाहिजे."

मॅडमनी कपाटं सांभाळणाऱ्या काकांना बोलावलं. मास्तरांच्या रोजच्या वह्या आहेत का विचारल्यावर ते म्हणाले, "आहेत की. आजवर कोणी मागितल्या नाहीत." वह्या चिठ्ठ्यांशी ताडून बघायला वन्संना तीन आठवडे गेले. सव्विसाचे नऊ झाले.

तोवर शुक्रवार येऊन गेला होता. वेबसाइटची जागा बाकीच्या तिघांतल्या एका चुणचुणीत मुलीला मिळाली. वन्संनी तिचं तोंडभर कौतुक केलं, आणि घरी येऊन माझं कपाट पुन्हा काढलं. मी फक्त चष्मा उचलून बाजूला ठेवला.

पण नऊ दिवसांचं पान चढलं त्या दिवशी काकांनी त्यांना तळघरात बोलावलं. चारशे खण अजून तसेच होते. कोणती तारीख सापडल्याची आणि कोणती जमा झाल्याची, हे बघायला त्यांना माणूस हवं होतं. निदान दोन वर्षांचं काम.

"फिरून आवकच आली माझ्या वाट्याला," वन्सं म्हणाल्या, पण म्हणताना हसू लपत नव्हतं.

ते पान मी ह्यांच्या मोबाइलवर पाहिलं. सव्वीस आहेत, त्यांवर आडवी रेघ, शेजारी नऊ, आणि असं का झालं ते खाली चार ओळींत. नऊ दिवस मला जास्त पटले. एवढंसं फुलपाखरू, त्याने नऊ दिवस आधी निघावं हे काही थोडं नाही.

आता ती चुणचुणीत मुलगी पान लिहिलं की तळघरात येऊन वन्संना दाखवते, आणि वन्सं ते घरी आणून मला वाचून दाखवतात. परवाच्या पानातला एक शब्द मला कळला नाही. त्यांनी पेन काढलं, त्यावर एक आडवी रेघ मारली आणि मला विचारलं, "मग तुम्ही काय म्हणाल, वहिनी?"