दुपारची कडी

माझी वहिनी पळायला लागली, तेव्हा घरात कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही. मी नांदेडला एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. स्नायू, हाडं, हृदयाचे कप्पे हे सगळं वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले आहे. स्वतः मात्र समोरून बस सुटली तरी पळत नाही. औशाहून भावाचा फोन आला. "तुझी वहिनी पहाटं उठून पळायली. पोलीस भरतीला उतरती म्हणती." भाऊ औसा ते किल्लारी जीप चालवतो. मी म्हटलं, बरंच झालं, जीप बंद पडली की ढकलायला कामाला येईल.

पण वहिनीला यात गंमत वाटत नव्हती. बारावी झाल्यावर तिनं एकदा भरतीचा अर्ज भरला होता, आणि मैदानी चाचणीच्या तारखेच्या आधी लग्नाची तारीख आली होती. मग दोन लेकरं, माझे वडील अंथरुणाला खिळले ते शेवटचं आजारपण, शेत, म्हैस. आता लेकरं शाळेत जाऊ लागली होती आणि वयाची अट जवळ येऊन ठेपली होती. ही भरती हुकली तर पुढच्या भरतीला तिचा अर्ज कुणी हातात घेणार नव्हतं. हे तिनं मला एकदाच सांगितलं, भाकरी थापता थापता, आणि पुन्हा त्यावर बोलली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी औशाला गेले, तर ही बया ओसरीच्या दोन पायऱ्या उलटी उतरत होती. मांड्या आणि पोटऱ्या इतक्या भरून आल्या होत्या, की सरळ उतरताच येईना. चुलीपुढं बसताना भिंत धरायची, उठताना तोंडावर पदर धरायची. आईनं करडईचं तेल कोमट करून दिलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "तुझ्या पुस्तकात काही लिहिलंय का ह्याच्यावर?" लिहिलं होतं. सवय नसलेल्या कामानं स्नायूंच्या धाग्यांना बारीक बारीक इजा होते. शरीर ती नुसती बुजवत नाही, पुढच्या वेळेला पुरतील असे ते धागे आणखी भक्कम करून ठेवतं. मी हे सांगितलं, तेव्हा वहिनी म्हणाली, "म्हंजे दुखायलंय ते बरंच हाय की." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मैदानावर.

संक्रांतीला गेले तेव्हा मला माझ्याच विषयाचं नवल वाटलं. आम्ही दोघी हळदीकुंकवाची घरं उरकून किल्ल्याच्या तटावर फिरायला गेलो. तटाच्या पायऱ्यांवर मी दर वळणाला थांबून देखावा बघत होते, म्हणजे धापा टाकत होते, आणि वहिनी गावातल्या सगळ्यांची खबर सांगत चढत होती. तिचा एक शब्द तुटत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंथरुणातून उठायच्या आत मी तिचं मनगट धरलं. दिवाळीतही धरलं होतं. नाडी केवढी तरी संथ झाली होती. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकलं, की त्याला उगाच घाई करावी लागत नाही, हे मी दर वर्षी अकरावीच्या वर्गाला सांगते. पण ते हृदय आमच्या घरातल्या बाईचं असेल, आणि ज्वारीची भाकरी, शेंगदाणे आणि गुळावर ते हे शिकेल, असं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. भरतीच्या क्लासमधले सर अंडी खायला सांगत होते. आमच्या घरी लिंगपूजा, अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. आईनं त्यावर तोडगा काढला तो तुरीच्या घट्ट वरणाचा. वहिनी ताटभर वरण खायची, आणि मला तिचा फार अभिमान वाटायचा. तो मी तिला बोलून दाखवला, तर म्हणाली, "ताई, वरण वाढा अजून."

मग नडगी दुखायला लागली.

क्लासमध्ये पोरांनी एक गोष्ट तिच्या डोक्यात घट्ट बसवून दिली होती: एका दिवसाचा खाडा झाला, की सगळी मेहनत पाण्यात. म्हणून ही पहाटे पळायची, येऊन धारा काढायची, भाकरी करायची, शेतात हरभरा उपटायला जायची, आणि दिवस कलला की पुन्हा पळायची. दुखणं तिनं कुणाला सांगितलं नाही. भावालाच ती लंगडताना दिसली आणि त्यानं तिला जीपमध्ये घालून लातूरला नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला. हाडाला चीर गेलेली नव्हती, पण आता थांबला नाहीत तर जाईल, असं ते स्पष्ट म्हणाले. काही आठवडे पळणं बंद, नंतर बेतानं, आणि रोज दुपारी पाय वर ठेवून पडून राहायचं.

मी शनिवारची बस पकडून औशाला गेले. वहिनी स्वयंपाकघरात मान खाली घालून बसली होती आणि आई सुपात तूर पाखडत होती. मी वर्गात बोलते तशी बोलायला लागले. पळताना शरीर वाढत नाही, पळताना ते झिजतं. वाढतं ते नंतर, पडून राहिल्यावर, झोपेत. हाडसुद्धा आधी थोडं पोखरलं जातं आणि मग नवं भरतं. ते भरायच्या आत तुम्ही पुन्हा आदळलात तर पोखरलेलंच राहतं. म्हणून विसावा हा खाडा नाही, तोही सरावच आहे.

वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. "खरं हाय ताई. पण झोपू कुठं?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. घर आमचं, खोल्या दोन, चटया पाच. पण औशात आमच्या गल्लीत दिवसा दार उघडं असतं. येता-जाता बाया आत डोकावतात, पाणी मागतात, विरजण मागतात. आणि उघड्या दारात दिवसाढवळ्या आडवी झालेली सून त्यांनी आजवर दोनच कारणांनी पाहिलेली: एक तर ताप, नाही तर पोटात लेकरू. धडधाकट सुनेनं दुपारी पडायचं नसतं. असा नियम कुणी केला, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

"पड गं तू," आई म्हणाली. "कोण काय म्हणतंय बघू."

बघायला फार वेळ लागला नाही. पहिल्याच दुपारी शेजारच्या काकू विरजणाला आल्या, सून झोपलेली पाहिली, वाटी घेऊन गेल्या. दिवस मावळायच्या आत त्यांच्याकडून वाटीभर चिंचा आल्या. पाठोपाठ दुसऱ्या घरातून लोणचं आलं. दुसऱ्या दिवशी किल्लारीच्या फेरीला जीपमधल्या एका म्हाताऱ्यानं भावाकडं पेढे मागितले. भावाचा मला फोन, आवाज अगदी बारीक: "घरात काय चालू हाय, ते मला कुणी सांगनार हाय का न्हाई?" मी इतकी हसले, की स्टाफरूममधले सगळे माझ्याकडं बघायला लागले.

वहिनीला मात्र हसू येईना. लाजेनं ती दुसऱ्या दिवशी आडवी झालीच नाही. तिसऱ्या दिवशी तर बूट घालून निघाली होती. आईनं तिला दारातून माघारी वळवलं, जेवायला घातलं, आतल्या खोलीत चटई अंथरून दिली आणि बाहेरून कडी घातली. मग स्वतः तुरीनं भरलेलं सूप घेऊन ओसरीवर, बरोबर दाराला पाठ लावून बसली. काकू आल्या. "सून कुठाय?"

"लातूरला गेली," आई म्हणाली.

माझी आई रोज पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाही. आम्ही लहान असताना खोटं बोललो, की जेवायला मिळत नसे. ती बाई आता रोज दुपारी तोंडावरची सुरकुती हलू न देता खोटं बोलायला लागली. महाशिवरात्रीच्या सुट्टीत मी हा सोहळा डोळ्यांनी पाहिला. आत वहिनी भिंतीला पाय लावून पडलेली, पायाचे अंगठे हलवत, छताकडं बघत. बाहेर आई, आणि समोर काकू.

"रोजच लातूर?" काकू म्हणाल्या.

"क्लास हाय तिचा."

"चपला तर हितंच हायत."

"बूट घालून गेली."

काकूंनी कडीकडं पाहिलं, चपलांकडं पाहिलं, विरजण घेतलं आणि गेल्या. मी आईला विचारलं, तुला हे कुठून सुचलं? आई खडे वेचता वेचता म्हणाली, "मला कुणी सांगितलंच न्हाई गं, की पडून राह्यलं तर ताकद येती. आमाला वाटायचं, पडलं की सरलं."

मी तिच्या पाठीकडं पाहिलं. तिची कंबर आता सरळ होत नाही. तिनं डोक्यावरून कडब्याच्या पेंढ्या वाहिल्या, माझ्या जन्माच्या दिवशीसुद्धा ती रानात होती, हे आमच्या घरात कौतुकानं सांगतात. मीही कौतुकानंच सांगत आले. जे शरीर ओझ्यानं भक्कम होतं, तेच शरीर विसावा न मिळाल्यावर ओझ्यानं मोडतं, हे मला फळ्यावर ठाऊक होतं. तरी आईच्या कंबरेशी मी ते कधी जोडलं नव्हतं. मला त्या दुपारी भयंकर राग आला. कुणावर, ते सांगता येत नाही. जे जे त्या उघड्या दारातून डोकावून गेले असतील, त्या सगळ्यांवर.

वहिनीची नडगी बरी झाली. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ती आधी चालली, मग मऊ मातीवर हळू पळाली, मग मैदानावर. तिला धास्ती होती, की सगळं विसरलं असेल. अंग काही विसरलं नव्हतं. उलट पहिल्यापेक्षा तिचं पाऊल हलकं पडत होतं, आणि क्लासमधली पोरं मागून ओरडायची, "ताई, थांबा की जरा." दुपारची कडी मात्र चालूच राहिली.

तिनं अर्ज नांदेडचा भरला होता, म्हणून मैदानाच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडं आली. भर उन्हाळा होता, गोदावरीकडून येणारा वारासुद्धा तापलेला. खालच्या मजल्यावर उतरलेल्या दोन मुली शेवटचा सराव म्हणून बाहेर पळायला निघाल्या होत्या. वहिनीनं त्यांच्याकडं पाहिलं, जेवली, आणि माझ्या हॉलमध्ये, दार सताड उघडं असताना, फरशीवर आडवी झाली. मला वाटलं डोळे मिटून पडली असेल. ती घोरत होती. जिन्यावरून माणसं जात-येत होती, आणि मी दार लावायला उठले नाही.

सकाळी उमेदवारांना आत सोडलं आणि आम्हा नातेवाइकांना फाटकाबाहेर. भिंत उंच, आतलं काही दिसत नव्हतं. शिट्टी ऐकू यायची, मग पावलांचा आवाज, मग काहीच नाही. मुली बाहेर यायच्या. एक रडत आली, एकीला दोघींनी धरून आणलं. माझं हृदय त्या दिवशी न पळताच इतकं धावलं, की मी झाडाला टेकून उभी राहिले.

वहिनी आली ती चालत. तोंड लाल, छातीवरचा नंबर घामानं चिकटलेला. "किती?" मी विचारलं. तिला बोलता येईना. मी तिचं मनगट धरलं. नाडी बोटाखाली उसळत होती. आणि मग, मी धरून असतानाच, ती उतरायला लागली. एका लयीत, शहाण्यासारखी, जणू काम झालं, आता घरी चला. वर्षभर मी वर्गात जे सांगते ते माझ्या बोटाखाली घडत होतं, आणि मला रडू आलं. तिनं श्वास घेतला आणि म्हणाली, "ताई, तुम्हालाच धाप लागायली."

निवड झाली. आईनं गल्लीत पेढे वाटले. काकू म्हणाल्या, हे पेढे आधीच मागितले होते आम्ही.

वहिनी प्रशिक्षणाला गेली आणि मधल्या सुट्टीत काही दिवस घरी आली. मीही नांदेडहून निघाले. औशाच्या स्टँडवर उतरून गल्लीत शिरले, तेव्हा दुपारचं ऊन डोक्यावर होतं. ओसरीवर वहिनी सूप घेऊन बसली होती, दाराला पाठ लावून. केस कापलेले, खांदे रुंद झालेले. समोर काकू होत्या. दाराला बाहेरून कडी होती.

"आई कुठंय?" मी विचारलं.

"आत्या लातूरला गेल्यात," वहिनी म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

आईच्या चपला उंबऱ्याशेजारी होत्या. काकूंनी त्या पाहिल्या, मीही पाहिल्या. मी काकूंच्या तोंडाकडं बघत राहिले. आता त्या काय म्हणणार, ते मला पाठ होतं.

"बूट घालून गेल्या असतील," काकू म्हणाल्या, आणि विरजणाची वाटी आवाज न करता खाली ठेवून हलक्या आवाजात बोलायला लागल्या.