आबांना न उचलता महाडपर्यंत

लोक प्रवासवर्णन लिहितात ते काश्मीरचं नाहीतर दुबईचं. माझं आहे पोलादपूर ते महाड. हसून घ्या. एसटीत खिडकीजवळ बसून एक डुलकी काढली तर महाड मागे पडतं, एवढंच ते अंतर. पण आम्ही तिथे मुक्कामाला गेलो होतो, सहकुटुंब, आणि मुक्कामाची खोली शोधायला मला जेवढे दिवस लागले तेवढ्यात माणूस दुबईला जाऊन, तिथे कंटाळून, परत आला असता.

सुरुवात माझ्या भाचीने केली. चिमी, वय सात, राहणार भांडुप. तिचा वाढदिवस नाताळच्या सुट्टीत येतो आणि तिला तो दासगावच्या अलीकडे झालेल्या नव्या पार्कातच हवा होता. हायवेवरून जाताना प्लॅस्टिकचा डायनासोर दात काढून बघतो, तेच ते. वर तिची अट, आबा आले पाहिजेत. आबा म्हणजे माझे आजोबा, तिचे पणजोबा. खुब्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन चालतात, आणि आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात. घाटाचे धक्के खात एका दिवसात जाऊन येणं त्या खुब्याला झेपणारं नव्हतं. म्हणून मुक्काम.

आबांनी दोन दिवस विचार केला आणि आपलीही अट घातली. "येतो. पन मला कोनी उचलायचं नाय. उचललात तर तिथूनच माघारी."

याला कारण आहे. आमच्या वाडीला रस्ता आला तो अगदी परवापरवा. त्याआधी आजारी माणूस खाली न्यायचा तो डोलीतून (आडव्या बांबूला घोंगडी बांधायची, माणूस आत, बांबूची टोकं खांद्यावर). कित्येक वर्षं त्या बांबूच्या पुढच्या टोकाला आबा होते. बाळंतीण म्हणू नका, साप चावलेला म्हणू नका, अर्धी वाडी त्यांच्या खांद्यावरून दवाखान्यात गेली. मग एका पावसाळ्यात ते स्वतःच बांधावरून घसरले, खुबा मोडला आणि डोलीत पडायची पाळी त्यांच्यावर आली. तेवढ्या दुखण्यातही आतून हुकूम चालू होते, खांदा बदल, वळणावर मागचा आधी, अरे लग्नाला निघालायस काय. मी त्याची नक्कल करतो तेव्हा वाडी लोळते. आबा हसत नाहीत. ते म्हणतात, डोलीतल्या मानसाला नुसतं आभाळ दिसतं, वाट दिसत नाय. तेव्हापासून त्यांनी कोणाला हात लावू दिलेला नाही.

म्हणजे मला हवी होती अशी खोली, तळमजल्याची, पायरी नसलेली, खुर्चीसारखा संडास असलेली, आणि न्हाणीचं दार वॉकर आत जाईल एवढं रुंद. वॉकर मी वितीने मोजून ठेवला. तीन विती.

फोन सुरू केले. माझ्या स्वतःच्या आवाजात बोललो तर समोरचा "हाय हाय, या" म्हणून ठेवूनच द्यायचा. म्हणून पहिल्या लॉजला मी पुण्याचा रिटायर्ड साहेब झालो. हे पाहा, आमच्यासोबत एक ज्येष्ठ व्यक्ती आहे, वगैरे. साहेबाला सगळं मिळालं, तळमजला, कठडे, गरम पाणी, दिमतीला माणूस. एवढं गोड मला पचेना. तासाभराने त्याच लॉजला मी म्हातारी होऊन फोन लावला. "बाला, माजं गुडघं गेल्यात रे, खोली खालीच हाय ना?" म्हातारीशी तो खरं बोलला. खोली वर आहे, जिना अरुंद आहे, पण आजी घाबरू नका, नातवाला सांगा पाठीवर घ्यायला.

दुसरीकडे खोली खाली, पण संडास उकिडवं बसायचा. तिसरीकडे सगळं होतं, फक्त अख्खं लॉज लग्नाला दिलेलं होतं. चौथं होतं पार्कच्या बाजूलाच, बैठ्या खोल्यांचं. एव्हाना माझा फोनवरचा विश्वास उडाला होता, म्हणून दत्ताकाकाला पाठवलं. काका जमिनीच्या तारखेला महाडच्या कोर्टात जातो, तेव्हा वाट वाकडी करून तो खोली बघून आला. माणूस चोख. दार वितीने मोजलं, संडासावर बसून बघितलं, नळ सोडून पाणी गरम होईपर्यंत थांबला. मी विचारलं, पायऱ्या? म्हणाला, नाय रे, सपाट हाय. मी त्याच मिनिटाला दोन खोल्या घेतल्या.

शनिवारी सकाळी काकाने जीप काढली. पुढे आबा, मागे मी, आई, ताई, चिमी आणि वॉकर. आईला गाडी लागते, म्हणून तिच्या मुठीत लिंबू. ऑपरेशननंतर आबा पहिल्यांदाच वाडीबाहेर पडत होते. नवा रस्ता जिथे जिथे जुन्या पायवाटेला कापतो तिथे ते बोट दाखवत होते, हितं टेकायचो, हितं खांदा बदलायचो, हितं पानी पाजायचो. चिमीला वाटलं ही बसस्टॉपची नावं आहेत. तिने ती पाठ करून टाकली.

पोलादपूरला स्टँडजवळ चहा घेतला. आबांचा ग्लास खिडकीतून आत दिला, तर मागोमाग माणसं यायला लागली. एक म्हातारा भाजीवाला काचेला नाक लावून म्हणाला, "अजून हायस?" आबा म्हणाले, "हाय." एवढंच बोलून दोघेही खूष झाले. मग हायवे. रस्ता मोठा झालाय, सावित्री कधी जवळ येते, कधी झाडीत जाते. एवढ्या रुंदीत भाताची किती खाचरं बसली असती, याचा हिशेब आबा महाड येईपर्यंत करत होते. आईला शेवटी उलटी झालीच, पण ती महाडच्या हद्दीत, म्हणजे प्रवासात प्रगती होती.

डायनासोर दिसला तेव्हा चिमी किंचाळली आणि आबा म्हणाले, दात चांगलं ठेवलेत.

लॉज खरंच छान. जास्वंदीची रांग, दोन झोपाळे, नाते गावचा एक हसतमुख मॅनेजर. त्याने पुढे होऊन आमच्या खोल्या दाखवल्या. खोल्यांपुढे पडवी होती. पडवीला चार पायऱ्या होत्या. सिमेंटच्या, एकेक जवळजवळ वीतभर उंच, कठडा नाही.

मी काकाकडे बघितलं. काका पायऱ्यांकडे बघत होता, जणू त्या आज सकाळीच उगवल्या.

"ह्या?" तो म्हणाला. "ह्यास्नी कोन पायऱ्या म्हनतो रे?"

काका खोटं बोलला नव्हता. आमच्या वाडीत पाणी आणायला अर्धा डोंगर उतरायचा, शाळेला जायला उरलेला अर्धा. चार पायऱ्या आमच्या पायांना लागतच नाहीत. काका त्या दिवशी तिथे दोन-तीनदा चढला-उतरला असणार आणि त्याच्या पायांनी ही बातमी डोक्यापर्यंत पोचवलीच नाही.

मॅनेजरला वाटलं, बाबा वर कसे चढणार एवढीच आम्हाला चिंता आहे. त्याने मनापासून सांगितलं की काळजीच नको, चार पोरं बोलावतो, बाबांना खुर्चीसकट वर ठेवतो, आमच्याकडे नेहमीच करतो.

आईने लिंबाची साल खरवडायला घेतली. आबांनी सावकाश वॉकर फिरवला, जीपकडे.

"चिमे, तू जाऊन ये," ते म्हणाले. "मी घरी जातो. दत्ता सोडील."

चिमी रडली असती तर बरं झालं असतं. ती गुपचूप जीपमध्ये जाऊन बसली आणि तिने दार लावून घेतलं. म्हणाली, मग मी पण. भांडुपला वाढली तरी हट्ट डोंगरातलाच.

मी बाजूला जाऊन महाडातल्या राहिलेल्या लॉजना फोन लावले. नाताळचा शनिवार. पुण्याच्या साहेबालाही खोली नव्हती आणि गुडघे गेलेल्या म्हातारीलाही नव्हती. माझ्याकडचे आवाज संपले.

परत आलो तर आबा जीपपर्यंत पोचलेच नव्हते. ते आवाराच्या कोपऱ्यात उभे होते. तिथे जांभ्याचे चिरे रचलेले होते आणि शेजारी मुरमाचा ढीग. वॉकरचा पाय मुरमात खुपसून ते तो हलवून बघत होते, आई भातात पळी हलवते तसं.

"हे चिरे कशाला?" त्यांनी मॅनेजरला विचारलं.

"कंपाउंडला, बाबा."

"कवा बांधनार?"

"गवंडी येईल तेव्हा."

"गवंडी आलाय," आबा म्हणाले. काकाकडे बोट केलं, मग माझ्याकडे. "आनि हा त्याचा बिगारी."

मॅनेजर घाबरला. मालक ओरडेल म्हणाला. आबांनी सांगितलं की पडवीपर्यंत नुसता चढ घालायचाय, सिमेंट लागणार नाही, पायऱ्यांना धक्का लागणार नाही, आणि नाय पटलं तर उद्या चिरा न् चिरा होता तिथे रचून देऊ. मॅनेजरने मालकाला फोन लावला. आम्हाला एकच बाजू ऐकू येत होती. हो साहेब. नाही साहेब. नाही साहेब, फुकट. फुकटच्या पुढे फार बोलणं झालं नाही.

आता, शेताचे बांध घालणं आमच्याकडे कोणी शिकवत नाही, ते येतंच. दर पावसाळ्यात खाचरांचे बांध फुटतात, दर वर्षी घालायचे. आणि त्यात आबांचा हात असा की शेजारच्या वाडीचे लोक बोलवायला यायचे. त्यांनी खुर्ची मागवली, वॉकर पुढ्यात ठेवला आणि गाडी चालवल्यासारखे त्यावर हात टेकून बसले. चिरे कमी वाहावे लागावेत म्हणून मी चढ जवळच्या झोपाळ्यापासून सुरू केला. त्यांनी तो मोडायला लावला. थेट लांब जास्वंदीपासून घे म्हणाले, तुला चढायचा नाय, मला चढायचाय. दोन्ही बाजूंना काका चिरे लावत गेला, मध्ये आम्ही मुरूम ओतला. मॅनेजर आधी नुसता उभा होता, मग त्याने बाह्या सरसावल्या, मग बूट काढले. पाणी शिंपडून मुरूम तुडवायचं काम आई, ताई आणि चिमीकडे. चिमी जीपमधून कधी उतरली कळलंच नाही. पार्कमध्ये पाऊल टाकायच्या आधीच तिची उड्या मारायची हौस फिटली. ठाण्याचे एक पाहुणे झोपाळ्यावर बसून आम्हाला सल्ले देत होते. आबांनी त्यांना दोन चिरे आणायला सांगितले, तेव्हा त्यांना फोन आला.

ऊन कलायच्या सुमाराला काम झालं. आबा उठले. वॉकरने तीन ठिकाणी ठोकून बघितलं, एका जागी पोकळ वाजलं, तिथे पुन्हा मुरूम घालायला लावला. मग आम्हाला सगळ्यांना लांब उभं केलं. काकाने हात पाठीमागे बांधून घेतले, कारण ते आपोआप पुढे जात होते.

वॉकर पुढे, एक पाय, दुसरा पाय. वॉकर पुढे. अर्ध्यावर आबा थांबले. आबांनी मान वळवून मला शोधलं.

"माजी नक्कल करतोस ना रे वाडीभर? ही पन बघून ठेव."

आणि चढून गेले. पडवीत पोचल्यावर त्यांनी चहा मागितला, दुसरं काही नाही.

मॅनेजरने संध्याकाळी पोपटी लावली (मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून भाजलेल्या वालाच्या शेंगा, आत अंडी आणि बटाटे). आबांनी पडवीत बसून पाटीभर शेंगा संपवल्या आणि नाते गावच्या मीठ-ओव्याला वाडीच्या खालोखाल नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी वाढदिवस आणि पार्क. गोल फिरणाऱ्या गेटमधून वॉकर जाईना, तर रखवालदाराने कुल्फीची गाडी आत जाते ते दार उघडलं, म्हणून आबा कुल्फीच्या मागोमाग आत शिरले. काका मोठ्या घसरगुंडीच्या बोगद्यात मधेच अडकला, त्याला मागून आलेल्या एका अनोळखी बाईने पायाने ढकलून बाहेर काढलं, त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही असं त्याला वचन दिलंय. छोटी आगगाडी मात्र जमिनीला टेकूनच थांबायची. आबा दांडा धरून स्वतः बसले. चिमीने शेजारी बसून स्टेशनांची नावं पुकारली, हितं टेकायचो, हितं खांदा बदलायचो. दोन फेऱ्या झाल्या.

निघताना मॅनेजर म्हणाला, बाबा, हे राहू दे, मालकांना फोटो पाठवलाय. तेवढ्यात आलेल्या एका गाडीतली आजी मुलीचा हात धरून आमच्या चढावरून वर निघाली होती. न विचारता, जणू तो पहिल्यापासून तिथेच होता. आबांनी ती पडवीत पोचेपर्यंत बघितलं आणि मॅनेजरला सांगितलं, उजव्या अंगाला कठडा लाव.

आम्ही चार वाजता वाडीत पोचलो. जीप अंगणात थांबली. आबा उतरले, वॉकर आईकडे दिला, ओटीच्या पायऱ्यांवर पाठमोरे बसले आणि हात टेकत एकेक पायरी मागे सरकत वर जाऊ लागले. रोजचंच. दीड वर्षं आम्ही हे बघतोय. आबांना ऑपरेशननंतर बाहेर पडायला आवडत नाही, ओटीवरच बसून असतात, असं आम्ही पाहुण्यांना सांगायचो आणि आम्हालाही ते खरं वाटायचं. मी लॉजमागून लॉजला आवाज बदलून विचारलं होतं, पायऱ्या किती. घरात कोणीच कोणाला विचारलं नव्हतं.

काका पिशव्या न काढताच जीपच्या दाराशी उभा होता. मग बोटाने हवेत एकेक टिंब देत गेला.

"पाच हायत," तो म्हणाला.

"सहा," आबा मधल्या पायरीवरून म्हणाले. "खालची मातीत गेलीय."