पाच खाचांचं दूध

झरफशान नदीच्या वरच्या अंगाला घरटी एखादीच गाय. एकटीचं दूध घुसळायला बसलं तर हात भरून यायचे आणि लोणी निघायचं बोटभर. म्हणून बायका पाळी लावत. आठवडाभर सगळ्यांचं दूध एका घरी, मग दुसऱ्या घरी. कुणी किती घातलं ते बादलीत खाचा पाडलेली काठी उभी करून बघायचं, आणि तेवढंच तिच्या पाळीत फेडायचं. गावची ही काठी मोहबेगिमकडे असे.

सासूनं जाताना ती हिच्याच हाती दिली, कारण सुनांमध्ये शाळा शिकलेली ही एकटी. त्याचा तोराही होता बाईला, खोटं कशाला बोला! नव्या पोरी लेकराच्या बाटलीवरचे आकडे घेऊन यायच्या.

"आपा, अडीचशे मिलिलिटर म्हणजे किती हो?"

"अर्धी खाच. एक खाच अर्धा लिटर, दोन खाचांचा एक लिटर, आणि लिटरात मिलिलिटर हजार. आई झालीस आणि एवढं येईना होय गं?"

त्या शरदात मोहबेगिमची पाळी आली आणि नेमकी गावची बादली बुडाशी गळू लागली. डाग द्यायला कासाराकडे धाडली. तोवर मोहबेगिमची नवी बादली वापरू, असं सगळ्याजणींनीच ठरवलं. ती जरा रुंद होती. दूध रुंदीत पसरतं, काठीवर कमी चढतं; हे तिला कळायला हवं होतं. पण तिच्या डोक्यात तेव्हा तूप होतं. लेक झरीना खालच्या खोऱ्यात दिलेली, आणि व्याहीण येता-जाता टोमणे मारायची, "तुमच्याकडे गाई आहेत की नुसत्या शेळ्या?" औंदा मोठी बरणी भरून तूप धाडायचं, तिचं तोंड बंद करायचं, असं बाईनं मनाशी घेतलं होतं.

पहिल्याच संध्याकाळी विधवा सब्जागुलचं दूध पाच खाचा भरलं. एरवी सहा भरायचं. ती घरी गेली. मोहबेगिमनं ते दूध काचेच्या तीन लिटरच्या बरणीत ओतलं, तर बरणी काठोकाठ! तीन लिटर म्हणजे सहा खाचा. पाचच दिसल्या, म्हणजे या बादलीत एक खाच सहाशे मिलिलिटरची. दर खाचेला शंभर मिलिलिटर फुकट. हिशोब तिला उभ्याउभ्या सुटला.

उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. उद्याचा परवा झाला. तूप कढत होतं, घरभर वास सुटला होता, आणि जीभ काही उचलेना. बाकीच्या बायका म्हणाल्या, गवत वाळलंय, दूध घटणारच. त्यांचं निभत होतं.

सब्जागुलचं तसं नव्हतं. तिच्याकडे वैरण अर्ध्या हिवाळ्याची. भाकड होणारी गाय पोसणं तिला झेपणारं नव्हतं. पाळी संपता संपता ती मोहबेगिमच्या उंबऱ्यात येऊन टेकली.

"तूच सांग आपा, तुला कळतं. आटतेय ना ती?"

मोहबेगिमनं तुपावरचा फेस काढला. वर न बघताच म्हणाली, "शरद आहे बाई. आटतातच."

तूप खाली पोचलं. व्याहिणीनं नावाजलं म्हणे. बादलीही डाग लागून परत आली. आणि त्याच सकाळी मोहबेगिमच्या कानावर आलं की खाटीक पहाटेच सब्जागुलची गाय घेऊन गेला. ती तशीच रस्त्यापर्यंत पळाली. रस्ता रिकामा होता.

दुपारी सब्जागुल आली, हातात सायीचा वाडगा. "तुझ्या पाळीत माझं कमी पडलं गं आपा. रोजची एक खाच. शेवटच्या दुधाची साय आहे, घे. लाज वाटते मला."

आता मात्र मोहबेगिमला राहवेना. तिनं वाडगा बाजूला ठेवला, दोन्ही बादल्या पुढ्यात ओढल्या, तीच काचेची बरणी भरून पाणी जुन्या बादलीत ओतलं आणि काठी उभी केली. सहा. तेच पाणी नव्या बादलीत ओतलं. पाच.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "तू विचारलंस तेव्हाही ठाऊक होतं. माझ्या तोंडात किडे पडोत, सब्जागुल."

सब्जागुलनं काठी हातात घेतली, ओल्या खाचेवरून अंगठा फिरवला. मोहबेगिमला वाटलं, हिनं ही काठी माझ्या डोक्यात घातली तर बरं होईल.

"म्हणजे पुरं देत होती ती."

"हो."

"मला वाटलं चोरतेय, आचळात ओढून धरतेय." तिनं काठी खाली ठेवली. "रोज मारलं गं मी तिला, आपा. मार खाऊनसुद्धा पुरं दूध देत होती."