दादाने माझ्याकडे बघितलं नव्हतं

मित्रांनो, आयुष्यभर मी व्यासपीठांवरून ओरडत आलो की आधी पुरावा मागा. आज दुपारी सयाजीगंजमधल्या एका आयसीयूत मीच पुरावा विसरलो.

मेंदूतल्या रक्तस्रावामुळे माझा थोरला भाऊ पंधरा दिवस बेशुद्ध आहे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून सिस्टर त्याला कुशीवर वळवत होती. त्याची मान भिंतीकडे गेली, पण अर्धवट उघडे डोळे माझ्याकडेच राहिले.

“दादाने मला ओळखलं!” मी धावत बाहेर जाऊन वहिनीला आत घेऊन आलो.

तरुण गुजराती डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मान हलवली. “काका, ए जोता नथी. ते बघत नाहीयेत. डोकं कुठे वळलं, गुरुत्वाकर्षणाच्या दिशेपासून किती कललं, हे आतला कान टिपतो आणि नजर जागेवर धरून ठेवतो. त्यासाठी माणूस शुद्धीवर असावा लागत नाही.”

मी वाद घातला. तेव्हा त्यांनी दादाची मान माझ्या बाजूला वळवली. त्याचे डोळे तितक्याच ओढीने कोऱ्या भिंतीकडे राहिले.

डॉक्टर गेल्यावर वहिनी म्हणाली, “भाऊजी, मला कळलं सगळं. तरी एकदा त्यांची मान तिकडे वळवा. मी इकडे उभी राहते.”

मी वळवली.

पुरावा मागणाऱ्यांनो, तुम्ही काय केलं असतं?