दहा सेकंद थांबणारी खिडकी

दीड महिना झाला. मी मुरबाड स्टँडवर किन्हवलीच्या एसटीची वाट बघत होते आणि वहिनींचा फोन आला. "ताई, हे गेले गो…" एवढंच बोलल्या आणि रडायला लागल्या. गौतमदादा गेले. खरं सांगते, रडू यायच्याही आधी माझ्या मनात आलं, आता सांगायचं कुणाला?

किन्हवलीच्या वाचनालयात मी ग्रंथपाल. दादा निवृत्त कारकून, आमच्या संगणकाचं सगळं हौसेनं तेच बघायचे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना माईकसमोर बसवून त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायचा त्यांना नाद. हे सगळं रोज पेनड्राइव्हवर उतरावं म्हणून त्यांनी बॅच फाइली लिहिल्या होत्या, म्हणजे संगणकाला ओळीनं दिलेले हुकूम. एक मोठी फाइल तीन छोट्या फाइलींना एकामागून एक कामाला लावायची: आधी पुस्तकांची यादी, मग फोटो, मग आवाज. प्रत्येक काम झालं की काळी खिडकी बटण दाबायला सांगून ढिम्म थांबायची. संध्याकाळी हे माझ्याकडे, आणि माझी बस साडेपाचची. मी कुरकुरले की दादा म्हणायचे, "अगो, घाई कशाला? काम झालं का नाय, ते त्याला सांगू दे ना!"

एकदा ते शहापूरला गेले असताना मी शहाणपणा केला. पहिल्या छोट्या फाइलीतली थांबायची ओळ काढली आणि तिथं नुसतं 'एक्झिट' लिहिलं. खिडकी फटकन बंद! म्हटलं, सुटले बाई. नुसत्या एक्झिटनं ती एक फाइल नाही, अख्खी खिडकीच मिटते, पुढच्या दोघींची पाळीच येत नाही, हे दादांनी मला आधीच सांगितलं होतं. "पुढं तिरकी रेघ नि बी लाव, मंजी आपलं काम संपवून तो मागं येतो. नायतर सगळं दुकानच बंद करून जातो." मी हो हो केलं होतं. ऐकलं कुठं होतं!

त्यानंतरच दादांनी आपल्या आईला रिक्षात घालून वाचनालयात आणलं. तासभर ती माउली बोलत होती, घरातल्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला तो दिवस, नवं पांढरं लुगडं, परत येताना सासूनं धरलेला अबोला… पावसाळ्यात आई गेल्या. आणि दिवाळीच्या आधी आमच्या संगणकाची हार्ड डिस्क बसली. पेनड्राइव्हवर पुस्तकांची यादी ताजी होती. आईंचा आवाज नव्हता.

दादा पेनड्राइव्ह घरी घेऊन गेले; बॅच फाइलीही त्याच्यावरच होत्या. दोन दिवसांनी आले आणि कमिटीसमोर म्हणाले, "माझ्याच हातून राहिलं. वय झालं आता." मी शेजारी उभी होते. नंतर दोन वर्षं रोज त्यांच्यासोबत चहा प्यायले, रोज म्हटलं उद्या सांगू… मेली माझी जीभ!

ते गेल्यावर पहिल्यांदा मी ती फाइल उघडली. दोन वर्षं खिडकी आपोआप मिटत होती, पण का ते आत बघायचा धीरच झाला नव्हता. माझ्या एक्झिटपुढे तिरकी रेघ होती, बी होतं. बाकीच्या दोघींतलं बटण मागणं काढून मोठ्या फाइलीच्या शेवटी दहा सेकंदांची मुदत घातली होती. वर एक शेरा, इंग्रजी अक्षरांत मराठी, चालवताना न दिसणारा: 'ताईची बस साडेपाचची. अडवू नये.' फाइलीवर तारीख त्याच दोन दिवसांतली. म्हणजे कमिटीसमोर उभे राहिले, तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं.

आता रोज संध्याकाळी तिन्ही कामं झाल्याचं ती खिडकी सांगते आणि उलटे आकडे मोजू लागते. दहा, नऊ, आठ… बस लागलेली असते, पण मी उठत नाही. तेवढ्यात मोठ्यानं म्हणते, "दादा, ते मी केलं होतं." मग खिडकी आपली आपण बंद होते.