सुतकातली गणितं

माझ्या नवऱ्याचा एक चुलत चुलत भाऊ गणपतीच्या चार दिवस आधी गावी वारला. त्याचे पणजोबा आणि आमचे पणजोबा सख्खे भाऊ. माणूस चांगला नव्हता. आमच्या घरामागून विहिरीकडे जायची वाट त्यानं काटेरी कुंपण घालून अडवली होती आणि पुढे गावी होतो तोवर आम्ही लांबून फिरून पाणी आणलं. तो गेल्याचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीच्या घरात भाजी निवडत होते. भाजी बाजूला ठेवली आणि सांगितलं, दहा दिवसांचं सुतक. गणपती आणायचा नाही.

मुलगा म्हणाला, अगं आई, एवढ्या लांबच्या माणसाचं हल्ली कोण पाळतं? फार तर तीन दिवस. तो वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात सुपरवायझर आहे. दरवर्षी दुसऱ्या दिवशी तिथली माणसं जेवायला येतात, त्यांना काय सांगू म्हणाला. मी म्हटलं, सुतक आहे म्हणून सांग, पुढे कोणी विचारत नाही.

आता हे मी का केलं ते सांगते.

माझ्या सुनेनं लग्नानंतर कल्याणच्या कॉलेजात औषधांचा डिप्लोमा केला. डिप्लोमा झाला म्हणजे झालं असं आम्हाला वाटलं होतं. पण त्यानंतर आणखी एक परीक्षा असते. ती पास झाल्याशिवाय फार्मासिस्ट म्हणून नाव नोंदत नाहीत. नाव नोंदलं नाही तर दुकानात औषधं काढून देणारी, एवढंच. ती ज्या मेडिकलमध्ये काम करायची तिथे भिंतीवर काचेत एका माणसाचा परवाना लावलेला होता. त्या माणसाला तिनं क्वचितच पाहिलं होतं. काम ही करायची, नाव त्याचं.

ती परीक्षेला एकदा बसली आणि नापास झाली. बाकी सगळं तिला येत होतं. कुठल्या गोळीबरोबर कुठली चालत नाही हे ती झोपेतही सांगेल. अडली ती आकडेमोडीत. इतक्या टक्क्यांचं औषध पाणी घालून इतक्या टक्क्यांवर कसं आणायचं, मुलाच्या वजनावरून किती द्यायचं, असले प्रश्न. ते तिनं भीतीनं सोडूनच दिले आणि त्या पेपरात राहिली. दुसरी परीक्षा गणपतीनंतर थोड्याच दिवसांत होती. ठाण्याच्या एका हॉस्पिटलनं सांगितलं होतं की दिवाळीपर्यंत नाव नोंदवून आणलंत तर त्यांच्या औषधविभागात जागा आहे. त्यानंतर ती जागा दुसऱ्याला.

आमच्याकडे गणपती पाच दिवसांचा. गौरी असतात. ठाण्याचे, कल्याणचे सगळे येतात. सकाळी मोदक, दुपारी पंगत, संध्याकाळी हळदीकुंकू, मधे भांडी. दुकानाच्या मालकानं तिला त्यासाठी रजा दिली होती, आणि ती सगळी रजा ओट्यापाशी जाणार होती. मी नुसतं म्हटलं असतं की यंदा सून अभ्यास करणार आहे, कोणी येऊ नका, तर साऱ्या भावकीनं मला आणि तिला दोघींना नावं ठेवली असती. तरी आलेच असते. सुतक म्हटलं की दारातूनच परत जातात. सुतकाच्या घरी कोणी जेवत नाही, ही सोय ज्यानं काढली त्याला सुनांची कणव असली पाहिजे.

माझी धाकटी जाऊ ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहते. तिला पटलं नाही, कारण तिच्या सोसायटीच्या गणपतीत पहिल्या दिवशीच्या आरतीचा मान तिचा होता. मी दहा दिवस धरले तर तिलाही धरावे लागणार. तिनं गुरुजींना फोन लावला आणि मलाही त्याच फोनवर घेतलं. गुरुजी म्हणाले, शास्त्राप्रमाणे सात पिढ्यांच्या आत दहा दिवस, पण हल्लीच्या काळात... मी म्हटलं, गुरुजी, पहिलं पुरे झालं. नमस्कार.

गुरुजींनी फोन बंद केल्यावर जाऊ मला म्हणाली, "ताई, मी तीनच पाळणार. एकच माणूस तुमच्याकडे दहा दिवस मेला आणि आमच्याकडे तीन, असं म्हणायचं का लोकांना?"

"म्हण," मी म्हटलं. "मी थोरली. मला जास्त लागतात."

तिनं फोन ठेवला.

गणपतीच्या दिवशी सकाळी शेजारीण मोदकांची वाटी घेऊन दारात आली, जीभ चावली आणि परत गेली. खाली मंडळाचा लाउडस्पीकर सुरू झाला. त्याला माझा इलाज नव्हता. सुनेला म्हटलं, कानात कापूस घाल आणि बस. स्वयंपाक मी केला. रोज आमटीभात. दुसऱ्या दिवशी मुलानं तोंड वाकडं केलं, तेव्हा त्याला सांगितलं की सुतकात असंच असतं. नसतं असं, पण त्याला कुठे माहीत.

पहिल्या दुपारी ती पुस्तक घेऊन बसली आणि नुसती पानं उलटत राहिली. मी समोर लसूण सोलत होते. म्हटलं, मला सांग काय आहे ते. ती म्हणाली, आई, इंग्रजीत आहे. मी म्हटलं, मराठीत सांग. मी चौथीपर्यंत शिकले आहे. पुढे शिकले नाही, कारण घरात गुरं होती आणि भाऊ लहान होता. पण वजाबाकी, भागाकार येतो. तिनं सुरुवात केली, "समजा, तुमच्याकडे घट्ट ताक आहे आणि..." मी तिला थांबवलं. ताकाचं नको, औषधाचं सांग. मी अडाणी आहे, तान्ही नाही.

मग ती औषधाचं सांगू लागली. मला पहिल्या दिवशी फारसं कळलं नाही आणि तसं मी सांगितलं. पुन्हा सांग म्हटलं. तिनं पुन्हा सांगितलं. सांगता सांगता तिचं तिलाच कुठे अडतंय ते दिसायला लागलं. मी काही शिकवलं नाही. मी फक्त कळलं नाही म्हणत बसले, आणि ते मला चांगलं जमतं.

एक गणित मात्र मला आठवतंय. बारा किलोचं मूल. दर किलोला पंधरा मिलिग्रॅम औषध द्यायचं. बाटलीतल्या पाच मिलीत एकशे वीस मिलिग्रॅम औषध आहे. किती द्यायचं? तिनं झटकन लिहिलं आणि म्हणाली, एकशे ऐंशी. खाली चार उत्तरं छापलेली होती, त्यात एकशे ऐंशी होतं. ती खूश झाली.

आमच्या शाळेतले मास्तर नुसता आकडा सांगितला की छडी उगारून विचारायचे, काय? एकशे ऐंशी काय, म्हशी? माझ्या तोंडून तेच आलं.

"एकशे ऐंशी काय?"

"मिली," ती म्हणाली.

नातीच्या तापाच्या औषधाची बाटली फडताळात होती. मी ती काढून आणली. तिच्यावर साठ मिली लिहिलं होतं, आकडे मला वाचता येतात. ती तिच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, अशा तीन बाटल्या एका वेळी पोराला पाजणार?

तिनं बाटली फिरवून पाहिली. मग लिहिलेलं पुन्हा पाहिलं. एकशे ऐंशी होते ते मिलिग्रॅम होते. गणित तिनं अर्ध्यावर सोडलं होतं, आणि पेपर काढणाऱ्यांनी अर्ध्यावरचं उत्तरही छापून ठेवलं होतं. खरं उत्तर साडेसात मिली. म्हणाली, "आई, मागच्या वेळी जी गणितं मी सोडवली ना, तीसुद्धा अशीच चुकली असणार." मी म्हटलं, मग आता प्रत्येक आकड्यापुढे काय ते लिही. त्यानंतर ती लिहायची आणि विसरली की मी विचारायची. दोन-तीन दिवसांनी मी तोंड उघडायच्या आत ती स्वतःच "काय?" म्हणायला लागली. नात घरभर तेच म्हणत फिरायची.

गौरीजेवणाच्या दिवशी, म्हणजे जेवण नव्हतंच त्या दिवशी, तिनं दोन औषधं मिसळायची गणितं काढली. एक सत्तर टक्क्यांचं, एक चाळीस टक्क्यांचं, मिसळून पन्नास टक्क्यांचं करायचं. कुठलं किती घ्यायचं? त्याची एक फुलीसारखी रीत असते, ती रीत ही नेहमी उलटी करायची आणि जे कमी घ्यायचं ते जास्त घ्यायची. मला रीत कळली नाही, पण एवढं कळलं की पन्नासच्या जवळ चाळीस आहे, सत्तर लांब आहे. मग जे जवळचं ते जास्त लागणार आणि लांबचं कमी. तसं मी म्हटलं. तिनं करून पाहिलं. सत्तरचं एक माप, चाळीसचं दोन मापं. जुळलं. दुसरं गणित केलं, तेही जुळलं.

ती पेन्सिल हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आई, जवळच्याचं जास्त आणि लांबच्याचं कमी."

"हो."

"मग सुतकही तसंच असायला हवं ना?"

इतके दिवस तिला वाटत होतं की मी फार सोवळ्याची आहे. पहिल्या दिवशी तसं बोललीही होती. आता तिच्या डोक्यात उजेड पडला. खालून आरतीचा आवाज येत होता.

मी म्हटलं, "पुढचं गणित घे."

तिनं घेतलं. पण खाली मान घालून हसत होती, मला दिसत होतं. त्यानंतर तिनं ज्या नेटानं अभ्यास केला तो मी या घरात पूर्वी पाहिला नव्हता, माझ्या मुलाचाही नाही.

परीक्षेचं केंद्र ठाण्याला होतं. ती एकटी गेली, एकटी आली. पेपर कसा गेला विचारलं तर म्हणाली, एकही गणित सोडलं नाही.

निकाल नवरात्रात लागला. आम्ही सगळे जावेकडे जेवायला गेलो होतो, देवी बघायला पोरंटोरं बाहेर पडली होती. जाऊ सुनेच्या पानात वाढता वाढता म्हणाली, काय गं, झाला का अभ्यास सुतकात? चार माणसांसमोर म्हणाली. सून जेवत राहिली. जेवण झाल्यावर तिनं मोबाइलवर निकाल पाहिला आणि सरळ माझ्याकडे आली.

"पास झाले, आई."

मी विचारलं, "त्या पेपरात?"

"त्यातच सगळ्यात जास्त आहेत."

मी जावेकडे पाहिलं. नुसतं पाहिलं आणि चांगलं बराच वेळ पाहिलं. तो आनंद मी लपवला नाही. मुलानं पेढे आणले. आधी सुनेनं एक माझ्या हातात दिला, मग देवापुढे ठेवला. क्रम बरोबर होता असं माझं मत आहे.

दिवाळीच्या आत नाव नोंदलं गेलं आणि ती ठाण्याच्या हॉस्पिटलात लागली. तिच्या अंगात आता पांढरा कोट असतो आणि त्यावर तिचं नाव असतं. एकदा सांगत होती, वॉर्डातून चिठ्ठी आली, औषधाच्या नावापुढे नुसता पाच. तिनं फोन लावून विचारलं, पाच काय? उत्तर आल्यावरच औषध दिलं. हे ती जेवताना सांगत होती, आमटी वाढून घेताना.

यंदा गणपती आणला. चतुर्थीला तिची सकाळची ड्युटी होती. ती बदलून मागू का म्हणाली, मी नको म्हटलं. मोदक डोंबिवलीतल्या एका बाईंकडून विकत घेतले. त्या उत्तम करतात, सुनेपेक्षा बरे. जाऊ आली, नमस्कार केला, पानात मोदक पाहिला, फोडला आणि ओळखलं.

"विकतचे?"

"हो. सून कामावर गेली आहे."

तिनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "यंदा कोणी मेलं नाही वाटतं, ताई."

"यंदा गरज नाही पडली," मी म्हटलं आणि तिच्या मोदकावर तूप वाढलं. तिनं खाल्ला आणि दुसरा मागितला.